चोवीस खणांचा साचा

१

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी रामराव तौर जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात मरण पावले. वय सहासष्ट. पावणेसहाला ते उठले, सहाला चहासोबत त्यांनी चॉकलेटचे तीन तुकडे खाल्ले, सव्वासहाला त्यांना दरदरून घाम फुटला आणि साडेसहाला बोलणं बंद झालं. डॉक्टरांनी कागदावर चार शब्द लिहिले: कीटकनाशकाची विषबाधा, दाट संशय.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दैवशाला शेजूळ अंबड चौफुलीजवळच्या तौरांच्या घरी पोचली. जिल्ह्याची अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून अकरा वर्षांत तिने भेसळीचा खवा पकडला होता, रंगवलेली डाळ पकडली होती. खाण्याने माणूस मेलेलं घर ती पहिल्यांदाच पाहत होती. दारातली रांगोळी कालचीच होती. आदल्या संध्याकाळच्या पणत्या कठड्यावर तशाच पडल्या होत्या.

रामरावांची सून शीतल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. डबा ओट्यावर होता. कुणी त्याला हात लावू नये म्हणून तिने त्यावर परात पालथी घातली होती.

"सोळा तुकडे होते, मॅडम," ती म्हणाली. "चार ओळी. मोसंबी, तीळ, शेंगदाणा आन् गुलकंद. गुलकंदाची ओळ आबांची. ते आधीच बोलले, बाकी तुम्ही खा, ही माझी. लेकरानं मोसंबीचे दोन खाल्ले, मी तिळाचा एक खाल्ला. आम्हाला काहीच झालं न्हाई. हेच कळून न्हाई राह्यलं मला."

"डबा कधी आला?"

"धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी. कंपनीतून. हरिओम साहेब सोता घेऊन आल्ते."

गडद हिरव्या झाकणावर सोनेरी अक्षरं होती: मुनीर गाठीवाले आणि सन्स. आत जाड कागदाची घडी होती आणि तिच्यावर दुकानाची कहाणी छापली होती. पणजोबांनी कादराबादेत साखरेच्या गाठींची भट्टी घातली, चैत्रातल्या पाडव्याच्या गुढीला आणि होळीला लेकरांच्या गळ्यात पडणाऱ्या गाठी चार पिढ्या त्याच सागवानी साच्यांतून निघाल्या, आणि आता पणतू फहीम त्याच साच्यांच्या फुलाचं चॉकलेट करतो, असा मजकूर होता. खाली कणसरी सीड्स या बियाणे कंपनीच्या शुभेच्छा होत्या.

दैवशालाने हातमोजे चढवले. तीन ओळींतले तुकडे इतके चकचकीत होते की वरच्या ट्यूबलाइटची रेघ त्यांत दिसत होती. गुलकंदाच्या ओळीत एकच तुकडा उरला होता आणि तो मंद होता. आठ पाकळ्यांच्या फुलावर बारीक पांढरे ठिपके उठले होते, उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठावं तसे. तिने तुकडा उलटा केला. तळ साफ होता.

"फ्रिजमध्ये ठेवला होता का?"

"न्हाई. फ्रिज बिघडलाय दसऱ्यापासून."

तिने कापसाचा बोळा तुकड्याच्या चिरेत हलकेच टेकवला. बोळ्याला गुलाबी डाग लागला. गुलकंदाचा डाग पाण्याने धुतला की जातो. हा पाणी लावल्यावर आणखी पसरला. बियाण्याला चोळायच्या लाल औषधाचा रंग असा पसरतो, हे केदारखेड्याच्या शेतात वाढलेल्या दैवशालाला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणी चुकून खाऊ नये म्हणूनच त्या औषधात तो भडक रंग घालतात. गुलकंदात आणि काळ्या चॉकलेटच्या आत तो कुणाला दिसणार?

"आबांचं कुणाशी वाकडं होतं?"

"वाकडं न्हाई. पण सोमवारी ते कृषी कार्यालयात जाणार होते. औंदा कंपनीचं बी बऱ्याच जणांच्या शेतात उगवलंच न्हाई. आबांनी बावीस वर्षं कंपनीचे बियाण्याचे प्लॉट सांभाळले, लोक त्यांच्याच दारात येऊन बसायचे. न उगवलेल्या बियाण्याच्या सीलबंद पिशव्या ठेवल्यात कपाटात."

दैवशालाचा फोन वाजला. पोलीस निरीक्षक खंदारे बोलत होते.

"मॅडम, त्या फहीमला आणलंय ठाण्यात. माल त्याचा, हात त्याचा. तो एकच धरून बसलाय की हा तुकडा माझा न्हाई. सगळेच म्हणतात म्हणा."

"साहेब, डबे किती गेलेत?"

"तीनशे दहा."

दैवशालाने ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. आज पाडवा होता, उद्या भाऊबीज. घराघरांत हे डबे होते, आणि त्यांतल्या किती घरांत गुलकंदाची ओळ अजून शाबूत होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

२

कणसरी सीड्सचं ऑफिस पाडव्याच्या पूजेसाठी उघडलं होतं. यंत्रांना हार घातले होते, हॉलमध्ये पेढ्यांचं ताट फिरत होतं आणि ताटाकडे कुणी बघत नव्हतं. बातमी पोचली होती.

हरिओम लहाने हा कंपनीचा उत्पादन व्यवस्थापक. पंचेचाळिशीचा, अंगात पांढरा सदरा, बोलणं मोकळं. त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली.

"रामराव म्हणजे घरचा माणूस, मॅडम. दरवर्षी त्यांचा डबा मीच नेऊन देतो. काय बोलावं सुचून न्हाई राह्यलं."

"ऑर्डर फहीमला द्यायची, हे कुणी ठरवलं?"

"मीच. तीनशे दहा डबे. मुंबईच्या मालाच्या तोडीचं चॉकलेट आपल्या कादराबादेत होतं, मंग बाहेरून कशाला मागवायचं? आन् मुनीरचाचाची ओळख जुनी. शाळेत असताना फाल्गुन लागला की मी त्यांच्या भट्टीवर जायचो, गाठी पाडायला. सहा वर्षं केलं ते काम." त्याने मागच्या भिंतीकडे मान वळवली. तिथे सागवानी साचा टांगलेला होता, आठ-आठ फुलांच्या तीन ओळी. "माझ्या लग्नात दिला त्यांनी. लोक चांदीचं भांडं देतात, चाचानं साचा दिला."

"त्यांचं नवं दुकान पाहिलंत?"

"समोरच्या काउंटरवर दोनदा गेल्तो. आत न्हाई. आतमध्ये फहीम कुणाला येऊ देत न्हाई, म्हणे गरमी होते." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "त्याला मी सांगितल्तं, हाताखालची माणसं पारखून ठेव. आता भोग म्हणावं."

दैवशालाने वाटपाची यादी मागितली. यादीत तीनशे पाच नावं होती.

"पाच राहिले?"

"हो. त्या कपाटात आहेत. दाखवतो."

त्याने किल्ली लावली, दार उघडलं. खालच्या कप्प्यात जुन्या फायली होत्या. वरचा कप्पा रिकामा होता.

हरिओम वळला नाही. त्याचा हात कपाटाच्या मुठीवर तसाच राहिला. पंख्याखाली उभ्या माणसाच्या मानेवर घाम येताना दैवशालाने पाहिला.

"दिले असतील कुणीतरी कुणाला," तो कपाटाशीच बोलल्यासारखा बोलला. "दिवाळी आहे. पाच डब्यांचं काय एवढं."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडं. आन् एक झाडलोटीच्या पुष्पाबाईकडं."

ती जिना उतरत असताना वर केबिनचं दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग हरिओमचा आवाज. तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, पुष्पाबाईचं घर कुठंय.

३

कादराबादच्या गल्लीत दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. समोर पोलिसाची गाडी होती. समोरच्या ओट्यांवर लोक बसले होते आणि कुणी काही बोलत नव्हतं, हे दैवशालाला अजिबात आवडलं नाही.

मुनीर काउंटरमागे उभे होते. अडुसष्ट वर्षांचे, पांढरी दाढी. दोन्ही हातांच्या बोटांवर पाकाने भाजल्याचे जुने डाग. त्यांनी तिला ओळखलं, बसा म्हटलं नाही.

"या, मॅडम. भट्टी तुम्हीच बंद केलती. आता हे पण बंद करा."

चार वर्षांपूर्वी गाठींच्या रंगाचा नमुना नापास झाला होता आणि भट्टीला टाळं दैवशालानेच लावलं होतं. त्यानंतर फहीम बंगळूरहून चॉकलेटचं काम शिकून आला.

"चाचा, आज मला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची आहे."

तिने पारदर्शक पिशवीतला तुकडा काउंटरवर ठेवला. मुनीरनी पाहिलं आणि नजर फिरवली. त्यांच्या पत्नी जुबेदा आतून आल्या. डबे भरण्याचं काम त्यांचं. त्यांनी चष्मा लावून पिशवी उजेडाकडे धरली.

"हा माझ्या हातून डब्यात गेला न्हाई, बेटी. असला तुकडा मी गल्लीच्या कुत्र्याला टाकणार न्हाई."

"फ्रिजमध्ये ठेवला तर असे ठिपके येतात ना?"

"येतात. पण मंग वरून, खालून, सगळीकडं येतात. फ्रिजातून काढलं की हवेचं पाणी धरतं ते, सारखं धरतं. याचा तळ बघा. साफ. ठिपके फक्त फुलावर, साच्याला लागलेल्या बाजूला." जुबेदांनी पिशवी खाली ठेवली. "पाणी साच्यात होतं."

दुकानाच्या आत काचेच्या दारामागे कामाची खोली होती. दारावर फहीमच्या अक्षरात पाटी होती: या खोलीत पाणी नाही. दैवशालाने वाकून पाहिलं. आत नळ नव्हता, मोरी नव्हती. जिथे पूर्वी नळ होता तिथे सिमेंटचं ठिगळ होतं.

"चॉकलेटला पाण्याची दुश्मनी," जुबेदा म्हणाल्या. "एक थेंब गेला की घाण्याची वाट. फहीमनं आल्या आल्या नळ काढला. यांना रोज ओरडायचा, अब्बा, हात पुसा, अब्बा, साचा पुसा. दोन घाणे नासवले यांनी पहिल्या महिन्यात. मंग शिकले."

"मग साचा भिजवतं कोण?"

जुबेदांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे सागवानी साचे शोभेला टांगले होते. सगळे चोवीस खणांचे, आणि तेच आठ पाकळ्यांचं फूल. दैवशालाला उत्तर कळलं. तिची आजी होळीच्या बाजारातून गाठी आणताना तिला भट्टीपाशी उभी करायची. लाकडी साचे पाण्याच्या घंगाळातून निथळत बाहेर निघायचे आणि त्यांत उकळता पाक पडायचा. कोरड्या लाकडात साखर चिकटून बसते. गाठी करणारा माणूस साचा आधी भिजवतो, आणि मग ओततो.

म्हणजे हा तुकडा फहीमने केलेला नव्हता. तो गाठी करणाऱ्या हाताने केला होता.

मुनीर काउंटरमागून बाहेर आले.

"पोलिसाला बोलवा," ते म्हणाले. "मैंने किया. लिहून घ्या."

४

खंदारे साडेबाराला आले. ते समाधानी दिसत होते.

"बापलेकांचं पटत न्हवतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, मॅडम. भट्टी गेली, नाव गेलं, पोरगा मालक झाला. म्हाताऱ्यानं पोराचं दुकान बुडवलं. बरोबर बसतंय सगळं."

"बसतंय," दैवशाला म्हणाली. "चाचा, मला एकदा करून दाखवा. जसं केलं तसंच."

"आता?"

"आताच. दोन तुकडे पुरे."

आतल्या यंत्रात चॉकलेट अजून फिरत होतं. फहीमला सकाळी नेलं तेव्हा बंद करायला कुणाला सुचलं नव्हतं. मुनीरनी भिंतीवरचा एक लाकडी साचा उतरवला. खंदारे दारात उभे राहिले. जुबेदांनी डोळे मिटून घेतले होते.

मुनीरनी साचा ओट्यावर ठेवला. मग काही न बोलता खुंटीवरचं सुती फडकं घेतलं आणि फुलाफुलात अंगठा घालून साचा पुसला. फडकं पालटलं, परत पुसला. तिसऱ्यांदा पुसून साचा गालाला लावून पाहिला, ओल आहे का म्हणून. तेव्हा कुठे त्यांनी पळी उचलली.

"चाचा," दैवशाला हळू म्हणाली, "भिजवला नाहीत."

पळी हवेत राहिली. मुनीरनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. चार वर्षं लेकाचं ओरडणं खाऊन हाताला जे वळण लागलं होतं, ते खोटं बोलायला तयार नव्हतं.

"ज्यानं तो तुकडा केला तो गाठी शिकलेला आहे," ती खंदाऱ्यांना म्हणाली. "पण चॉकलेट तो शिकलेला नाही. या खोलीत तो कधी आलाच नाही, नाहीतर पाण्याचा धाक त्याला कळला असता. फहीम नाही, चाचा नाही, जुबेदाचाची नाही. हे तिघं झोपेतसुद्धा साचा ओला करणार नाहीत."

मुनीर तिचं ऐकत नव्हते. पळी हातात होती आणि चॉकलेट थंड होत होतं, म्हणून ते ओतत होते. एक फूल, दोन, पाच, आठ. दुसरी ओळ सुरू झाली.

"दोन पुरे म्हणाले होते, चाचा."

"घेतलेला साचा अर्धा सोडत न्हाईत," मुनीर मान वर न करता म्हणाले. "भट्टीवर असंच आहे. भिजलेलं लाकूड आन् त्यात रिकामा खण राहिला, तर गरम पाकाला ते तिथूनच तडकतं. पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. दहा गाठी पाहिजे असतील तरी साचा भरायचा पुरा."

दैवशालाने त्यांच्यापुढचा साचा मोजला. मग सकाळपासूनचे आकडे मनात एकाखाली एक ठेवले. एका डब्यात गुलकंदाचे चार. एका साच्यात चोवीस. सहा डबे होतात. एक रामरावांचा.

आणि रिकाम्या कपाटात पाच असायला हवे होते.

"चाची, तुमच्या भट्टीवर शिकून गेलेली माणसं आता कुठे कुठे आहेत?"

"बहुतेक मेली, बेटी. दोघं हैदराबादेत. जालन्यात एकच राहिला." जुबेदांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"जुबेदा, चुप," मुनीर म्हणाले. "त्यानं माझ्या घरची रोटी खाल्ली आहे."

"आन् आपला लेक कोठडीत बसलाय."

मुनीरनी पळी ठेवली. चोविसावं फूल भरून झालं होतं.

५

सव्वादोनला दैवशाला आणि खंदारे कंपनीत पोचले तेव्हा हरिओम केबिनमध्ये एकटा होता. सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, समोर फोन. खंदाऱ्यांना पाहून तो उठला नाही.

आधी ते पुष्पाबाईकडे जाऊन आले होते. ती चंदनझिऱ्याला राहते. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ.

"हो, म्याच वाटले ते डबे," ती म्हणाली होती. "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. साहेबांनी वरच्या लोकांना दिले, ज्यांनी पोती उचलली त्यांना काय? कपाटात पडून खराब होण्यापरीस दिले. चोरले न्हाईत. आन् आज बारा वाजता साहेब सोता आल्ते की माझ्या दारात. डबे दे, डबे दे. आठ वर्षांत कधी माझ्या दाराची पायरी चढले न्हाईत. म्या म्हनलं, दिलेली वस्तू मागत असतात का? तर हात जोडाया लागले."

बारा वाजता. ते पाच डबे वाईट आहेत हे दैवशालाला त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने कळलं होतं. जिल्ह्यात तेव्हा ते ठाऊक असलेला एकच माणूस होता.

केबिनमध्ये तिने भिंतीवरचा साचा उतरवला. वरून तो पुसलेला होता. तिने तो नाकाशी नेला. वीस वर्षं भिंतीवर वाळलेल्या सागवानाला धुळीचा वास यायला हवा होता. याला चॉकलेटचा वास होता. पिनेने पाकळीची फट खरवडली तर तपकिरी मेण निघालं, आणि त्यात गुलाबी झाक होती.

"सोमवारी रामराव कृषी कार्यालयात जाणार होते," ती म्हणाली. "त्या पिशव्या तिथे पोचल्या असत्या तर काय निघालं असतं?"

खंदाऱ्यांनी खुर्ची ओढली.

"नापास झालेला लॉट," हरिओम म्हणाला. "चांगल्या बियाण्यात मीच मिसळायला लावलता. माझ्या सहीनं गेला. म्या त्यांना लई समजावलं, मॅडम. तीनदा गेलो घरी. ते म्हनले, लोक माझ्या तोंडाकडं बघून बी नेतात."

"म्हणून धनत्रयोदशीला हे केलंत."

"घरची बाजारात गेल्ती." त्याने हात टेबलावर ठेवले. "चारच पाहिजे होते मला. त्यांची ओळ. त्यांना गुलकंद आवडतो, दुसरं कुणी त्याला हात लावत न्हाई, हे माहीत होतं. चारच."

"मग चोवीस कशाला केले?" खंदाऱ्यांनी विचारलं.

हरिओमने विचार केला. हा प्रश्न त्याला स्वतःला पडला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"साचा भिजवलता," तो म्हणाला. "मंग भरला." तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "कमी पडलं म्हणून उरलेल्या पाच डब्यांतले गुलकंदाचे पण वितळवले. झाल्यावर त्यांच्यातच भरून ठेवले, डबे रिकामे दिसू नयेत म्हणून. पाडवा झाला की जाळणार होतो. कपाटाला कुलूप होतं, मॅडम."

"लाल औषध कशात घातलं होतं? चार तुकड्यांत की सगळ्यांत?"

"गुलकंद एकाच वाटीत कालवलता."

खंदारे उठले आणि बाहेर जाऊन फोनवर बोलू लागले. दैवशाला जागची हलली नाही. खाली हॉलमध्ये कुणीतरी पूजेची घंटा वाजवून पाहिली आणि लगेच थांबवली.

६

फहीमला संध्याकाळी पाचला सोडलं. तो दुकानात न जाता थेट कार्यालयात आला आणि दैवशालाच्या गाडीत बसला.

"तुकडा मी लांबून ओळखीन," तो म्हणाला. "आन् नाव माझं आहे झाकणावर."

पुष्पाबाईने पाच जणांची नावं सांगितली होती. पाच घरांना पाच तास पुरतील असं दैवशालाला वाटलं होतं. पहिल्याच घरी तिचा हिशेब चुकला.

वॉचमन भिवाच्या घरात डबा नव्हता. "इतका भारी डबा आपण कशाला फोडायचा, मॅडम? लेकरांना बाजारातलं चालतं. म्या तो लेकीच्या सासऱ्याला दिला." सासऱ्याने तो न उघडता गावच्या सरपंचाला दिला होता. सरपंचाच्या घरी असे चार डबे होते. हिरवा त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी बाजूला काढला होता. तिथे तो सापडला, दोऱ्याची गाठ न सुटलेली.

सगळीकडे हेच. फहीमने झाकणासाठी जयपूरहून कागद मागवला होता, दोरा रेशमी होता, आतली घडी हाताने दुमडली होती. डबा इतका देखणा झाला होता की ज्याच्या हातात जाई त्याला तो आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला द्यावासा वाटे. जिल्हाभर ध्वनिक्षेपकावरून सूचना फिरत होती, मोबाइलवरच्या गटागटांत फोटो गेले होते. पण ज्याच्या घरात डबा नव्हता त्याने ती सूचना आपल्यासाठी नाही असं समजून सोडून दिली, आणि ज्याने तो पुढे दिला होता त्याला ते कबूल करायला लाज वाटत होती.

रात्री आठपर्यंत दोन डबे मिळाले. भाऊबीजेला सकाळी सातला तिसरा, बदनापूरच्या एका औषधाच्या दुकानात. साडेनऊला चौथा. तो उघडलेला होता, मोसंबीची ओळ संपली होती, गुलकंदाचे चारही तुकडे जागेवर होते. घरातली मुलं म्हणाली, ते चमकत नाहीत, शिळे असतील. फहीम तिथेच अंगणात खाली बसला. त्याला पाणी दिलं तर त्याने हातात घेतलं, पण प्यायलं नाही.

"एक राहिला," दैवशाला म्हणाली. "चार तुकडे. ऊठ."

पाचवा डबा पुष्पाबाईने ट्रकवाल्या वसंताला दिला होता. वसंताने तो अंकुशनगरला मेहुण्याला दिला. मेहुण्याने साखर कारखान्यातल्या साहेबांच्या घरी पोचवला. साहेबांच्या पत्नींना गोड वर्ज्य. त्यांनी काल संध्याकाळी तो स्वयंपाकाच्या चांगुणाबाईला देऊन टाकला. चांगुणाबाईचं गाव जांब समर्थ. अकरा वाजता दैवशाला तिच्या दारात पोचली तेव्हा चांगुणाबाई ओवाळणीचं ताट विसळत होती.

"भाऊ आल्ता की. साडेधाला गेला, बायकोला घेऊन. साडी केली त्यानं, मंग माझ्याजवळ काय होतं द्यायला? तो डबा दिला. लई खूश झाली भावजय." ती दैवशालाच्या तोंडाकडे पाहायला लागली. "काय झालं, बाई?"

भावाचा फोन लागत नव्हता. तिसऱ्यांदा लावला तेव्हाही बंद असल्याचं सांगितलं गेलं. तो परतूरच्या बाजूने जाणाऱ्या बसमध्ये बसला होता, इतकं चांगुणाबाईला माहीत होतं. त्याच्या गावाला लागून तीन वाड्या आहेत आणि त्यांतल्या कुणाच्या मळ्यावर तो यंदा राखणीला आहे, हे तिला माहीत नव्हतं. खंदाऱ्यांनी पुढच्या ठाण्याला कळवलं. दोन गाड्या निघाल्या.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी पोलिसांनी परतूरला बस गाठली. त्यात ते दोघं नव्हते. कंडक्टरला जोडपं आठवत होतं, हिरवा डबाही आठवत होता. ते वाटेत एका फाट्यावर उतरले. कोणत्या, ते गर्दीत त्याच्या लक्षात राहिलं नाही.

एवढं मात्र त्याला नक्की आठवत होतं, की उतरताना डबा त्या बाईच्या हातात होता आणि त्याचा दोरा सोडून तिने मनगटाला गुंडाळला होता.